चूक परवडेल असे बांधकाम
मुलांसाठी घरगुती वस्तूंतून चार आव्हाने

आषाढ अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची पूजा होते. त्याच दिवशी छत्तीसगडात हरेलीचा सण असतो आणि बांबूच्या गेड्यांवर चढलेली मुले गल्लोगल्ली तोल सावरत चालू लागतात. पुढच्या अमावास्येला पोरा येतो, म्हणजेच आपला पोळा. त्या दिवशी मुलांच्या हाती चाके लावलेला मातीचा नंदी असतो. दिवाळी आली की मराठी घरांतील मुलांना दगड, विटा आणि चिखल यांचा किल्ला खुणावू लागतो. रायपूरच्या जुन्या शहरातील ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाला हे तिन्ही खेळ लाभू शकतात. 'पारा' म्हणजे मोहल्ला. आपल्या भाषेत आळी किंवा पेठ. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यामुळे मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही आणि रायपूरच्या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत.

या तिन्ही खेळांत एक समान सूत्र आहे. गेडीचे पायठाण कोणत्या उंचीवर बांधावे, नंदीचे चाक अडखळू नये म्हणून आस कसा बसवावा, किल्ल्याचा उतार ढासळू नये म्हणून माती किती ओली असावी, हे सर्व बांधकामाचेच प्रश्न आहेत. ते सोडविण्यासाठी विकतच्या साहित्याची गरज नसते. मात्र आता अंगणे फरसबंद झाली, जुन्या घरांच्या जागी सदनिका आल्या आणि किल्ल्यासाठी मातीही शोधावी लागते. अशा वेळी टेबलाचा एक कोपरा आणि घरातील रद्दी एवढ्यावर मुलांना बांधकामाचा आनंद कसा देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वस्त साहित्यच का?

बाजारात जुळणीच्या खेळण्यांचे अनेक सुबक संच मिळतात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु संच महागडा असला की 'तुकडे हरवू नकोस', 'मोडू नकोस' अशा सूचना त्याच्याबरोबरच घरात येतात. शिवाय पेटीवर तयार वस्तूचे चित्र असते. त्या चित्रासारखे झाले तर बरोबर, नाही तर चूक, असा मुलाचा समज होतो. जुन्या वर्तमानपत्राचे तसे नाही. दहा वेळा मनोरा कोसळला, तरी घराचे काहीही नुकसान होत नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर येथे तोट्याची कमाल मर्यादा आधीच ठरलेली आहे आणि ती जवळजवळ शून्य आहे. चूक परवडते म्हणूनच मूल धीटपणे प्रयोग करते. शाळेच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण जातात आणि हळूहळू अनेक मुले खात्री असल्याखेरीज हात वर करीनाशी होतात. कोसळलेला कागदी पूल मात्र मुलाचे काहीही हिरावून घेत नाही, उलट पुढच्या प्रयत्नाची दिशा दाखवतो.

हा विचार नवा नाही. बालोद्यान या कल्पनेचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्यांच्या शिक्षणपद्धतीत भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या जोडून आकृत्या करण्याचा एक उपक्रम होता. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांनी १८९९ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, बालवर्गात हाच खेळ खेळताना त्रिकोणांचा सांगाडा रचला होता. त्यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे त्यांना डोळ्यांपेक्षा बोटांनीच कळले की त्रिकोण हलत नाही. पुढे हेच फुलर त्रिकोणांनी बनलेल्या घुमटांसाठी जगप्रसिद्ध झाले. १९६७ मध्ये माँट्रियल येथील प्रदर्शनात उभारलेला त्यांचा भव्य घुमट आजही उभा आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ही वाट मराठी मातीत रुजवली. मॉन्टेसरी पद्धतीची साधने गरीब वस्तीला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यात शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तू साधने म्हणून वापरल्या गेल्या.

रायपूर १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशात होते. त्याच मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून या शहराचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांपासून 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. पुण्यातील टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात सामील झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या एवढ्याच साहित्यातून त्यांनी त्रिकोण, घन, घरे व पूल जोडण्याची पद्धत विकसित केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

आता प्रत्यक्ष आव्हानांकडे वळू या. सहा-सात वर्षांपासून पुढची मुले मोठ्यांच्या थोड्या साहाय्याने ती करू शकतील.

पहिले आव्हान : एका कागदाचा पूल

साहित्य : वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा एक कागद, पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या चळती, बाटलीचे एक झाकण आणि नाणी.

चळतींमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकाच कागदाचा पूल करून त्याच्या मध्यावर झाकण ठेवायचे आणि त्यात एकेक नाणे टाकत जायचे. कागद कसाही दुमडला, गुंडाळला किंवा फाडला तरी चालेल, पण दुसरा कागद मिळणार नाही. नाणी एकाच प्रकारची घ्यावीत. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅम वजनाचे आणि दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅम वजनाचे असते. म्हणजे एकाच प्रकारच्या नाण्यांची संख्या हेच वजनाचे माप होते.

सपाट कागद थोड्याच नाण्यांनी खाली झुकतो. मग मूल कडा दुमडून पाहते, नळी करून पाहते आणि केव्हातरी कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालते. घड्या पुलाच्या लांबीच्या दिशेने असतील तर तोच कागद पूर्वीच्या कित्येक पट भार पेलतो. त्या आडव्या दिशेने असतील तर कागद बाजाच्या भात्यासारखा ताणला जाऊन लगेच खाली येतो. भार वाढला की घड्या पसरू लागतात. मग त्यांची टोके बांधून ठेवण्याची कल्पना सुचते.

यामागील कारण मुलांना मोजपट्टीने दाखवता येईल. ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी आडवी धरली तर सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरली तर वाकता वाकत नाही. गणिताने पाहता उभी पट्टी आडव्या पट्टीपेक्षा शंभरपट ताठ असते. दोन्ही वेळा लाकूड किंवा प्लॅस्टिक तेवढेच असते, फरक फक्त उंचीचा असतो. घड्या घातल्याने कागदाला हीच उंची मिळते. रायपूरजवळच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळाचा छेद पाहिला तर खाली रुंद पाया, मध्ये उभी बारीक भिंत आणि वर जाड माथा दिसतो. कमीत कमी पोलादात जास्तीत जास्त ताठपणा मिळविण्याची ही युक्ती कागदाच्या घडीतही आहे.

दुसरे आव्हान : वाटाणे आणि काड्या

साहित्य : रात्रभर भिजवलेले वाळके वाटाणे किंवा हरभरे आणि दात कोरायच्या लाकडी काड्या. काड्या नसल्यास खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापून घ्यावेत.

वाटाणा हा सांधा आणि काडी हा वासा. प्रथम चार काड्यांचा चौकोन आणि तीन काड्यांचा त्रिकोण करून दोन्ही बोटांनी हलकेच दाबावेत. चौकोन कलतो आणि त्रिकोण तसाच राहतो. त्यानंतर आव्हान द्यावे : तीस काड्यांत असा मनोरा किंवा घर बांधा, की ज्यावर एक वही ठेवता येईल.

बहुतेक मुले प्रथम चौकोनी खोल्या एकावर एक रचतात. वही ठेवताच सर्व घर एका बाजूला झुकते. तेव्हा चौकोनात कर्णासारखी एक तिरपी काडी घालून पाहण्यास सुचवावे. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि घर ताठ उभे राहते. यासाठी कर्णाची काडी थोडी लांब लागते, कारण बाजू १० असेल तर कर्ण सुमारे १४ येतो. शाळेच्या पुस्तकातील पायथागोरस येथे कात्रीच्या टोकाशी भेटतो. काम संपल्यावर रचना एक-दोन दिवस तशीच ठेवावी. वाटाणे सुकून आक्रसतात आणि सांधे अधिक घट्ट होतात.

मुलांना मग जुन्या कौलारू घराच्या छपराखाली उभे करावे. आढ्याखालची लाकडी कैची त्रिकोणाचीच असते. विजेच्या तारांचे उंच मनोरे आणि रेल्वेचे लोखंडी पूल यांतील तिरप्या पट्ट्याही त्यांना आता ओळखू येतील.

तिसरे आव्हान : वर्तमानपत्राचा मनोरा

साहित्य : वर्तमानपत्राची पाच पाने, दोरा आणि कणकेची खळ.

अट एवढीच, की मनोरा कशालाही न टेकता उभा राहिला पाहिजे आणि वीस अंक मोजेपर्यंत पडता कामा नये. दोन गट असतील तर दोन्ही गटांना समान पाने द्यावीत आणि वेळ अर्धा तास ठेवावा.

उभा धरलेला कागद वाकतो, पण गुंडाळलेला कागद खांब होतो. पान एका कोपऱ्यापासून तिरके गुंडाळले तर नळी अधिक लांब मिळते. नळी फार रुंद झाली की मधेच चेपते आणि फार लांब झाली की कंबरेत वाकते. मुलांनी हे स्वतःच शोधावे. गेडीचा बांबूही आतून पोकळ आणि ठराविक अंतरावर पेरांनी बांधलेला असतो. हलकेपणा आणि ताठपणा यांचा तो निसर्गाने घातलेला मेळ आहे.

उंची वाढू लागली की दुसरा प्रश्न उभा राहतो, तो तोलाचा. मनोऱ्याच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली काल्पनिक रेषा पायाच्या आत पडते तोपर्यंत तो उभा असतो. पाया अरुंद असेल तर थोडासा कलही ती रेषा बाहेर नेतो. म्हणून पाच पानांपैकी किती पाने पायाला द्यायची आणि किती उंचीला, हा निर्णय मुलांना करावा लागतो. मर्यादित साधनांची वाटणी करण्याचा हा त्यांच्या आयुष्यातील कदाचित पहिलाच अंदाजपत्रकी प्रश्न असेल. शेवटी पुठ्ठ्याने वारा घालून मनोऱ्याची परीक्षा घ्यावी.

चौथे आव्हान : टेबलाबाहेर जाणारी पुस्तके

साहित्य : एकाच आकाराची पाच-सहा कडक बांधणीची पुस्तके. ती नसल्यास पत्त्यांचे तेवढेच सारखे जोड पेटीसह चालतील.

पुस्तके एकावर एक अशी रचायची, की सर्वांत वरचे पुस्तक संपूर्णपणे टेबलाच्या कडेबाहेर जाईल. हात लावायचा नाही, दोरा नाही, चिकटवायचे नाही. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटते, परंतु तत्त्वतः चार पुस्तकांत ते साधते.

रहस्य वरून खाली विचार करण्यात आहे. सर्वांत वरचे पुस्तक त्याच्या खालच्या पुस्तकापेक्षा लांबीच्या १/२ भागाने पुढे जाऊ शकते. दुसरे पुस्तक तिसऱ्यापुढे १/४ भागाने, तिसरे चौथ्यापुढे १/६ भागाने आणि चौथे टेबलापुढे १/८ भागाने जाऊ शकते. यांची बेरीज २५/२४ होते, म्हणजे एका पुस्तकाच्या लांबीपेक्षा किंचित अधिक. प्रत्यक्षात इतके काटेकोर रचणे कठीण असते. म्हणून पाच किंवा सहा पुस्तके घेतल्यास थोडी सवड मिळते. अपूर्णांकांची बेरीज कंटाळवाणी मानणारी मुलेही येथे ती उत्साहाने करतात, कारण उत्तर चुकले तर पुस्तके धाडकन खाली येतात.

रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर सिरपूर येथे सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर आहे. सहलीला गेल्यास त्याच्या शिखरावरील विटांचे थर कसे थोडे थोडे आत-बाहेर सरकत वर गेले आहेत, ते मुलांना अवश्य दाखवावे. ज्याने पुस्तके रचली आहेत, त्याची नजर त्या थरांवर अधिक वेळ रेंगाळेल.

मोठ्यांची भूमिका

या खेळांत मोठ्यांचे सर्वांत अवघड काम म्हणजे हात आवरणे. पूल कोसळणार हे आपल्याला आधीच दिसत असते आणि 'अरे, असे नको' हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत. त्याऐवजी प्रश्न विचारावा : कोठे वाकला? आधी काय सुटले? पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची तर कोणती बदलशील? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे ही शास्त्रज्ञाची शिस्त आहे आणि ती सवयीनेच अंगी बाणते.

अटी मात्र मोडू देऊ नयेत. एक कागद म्हणजे एकच कागद. साहित्य वाढवून दिले की मूल कल्पकतेऐवजी साहित्यावर विसंबते. साहित्य तेवढेच ठेवून प्रयत्नांची संख्या मात्र हवी तितकी वाढू द्यावी, म्हणजे नवीन प्रयत्नासाठी तेवढाच नवा कागद द्यावा. मुले वेगवेगळ्या वयांची असल्यास स्पर्धेऐवजी प्रत्येकाने आपलाच पूर्वीचा आकडा मागे टाकावा, असे ठरवणे हितावह.

आजी-आजोबांना यात आवर्जून सामील करून घ्यावे. परप्रांतातील मराठी मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी बोलतात. घरातही त्यांच्या बोलण्यातून अनेक मराठी शब्द मागे पडतात. खांब, तुळई, वासा, आढे, कैची, सांधा, टेकू, ओळंबा हे शब्द पाठ करून येत नाहीत. मनोरा कलू लागला असता 'टेकू दे, टेकू!' असे आजोबा ओरडले, की तो शब्द मुलाला कायमचा मिळतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने काही गोष्टी पाळाव्यात. काडेपेटीच्या काड्या वापरायच्या असतील तर गूल मोठ्यांनी आधीच काढून टाकावे. कात्री आणि हिरांची टोके यांवर लक्ष असावे. नाणी, वाटाणे आणि काड्या तीन-चार वर्षांच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. वाटाणा नाकात जाऊन भिजून फुगल्याने फार त्रास होतो. खेळ संपल्यावर नाणी मोजून परत ठेवण्याचे काम मुलांकडेच द्यावे.

खेळाची नोंदवही

शेवटी एक सूचना. एक साधी वही घेऊन तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख, आव्हान, साहित्य, किती पेलले किंवा किती उंच झाले, आणि कोठे मोडले. प्रत्येक प्रयत्नानंतर मुलाने स्वतःच्या हाताने एक ओळ भरावी आणि शेजारी छोटे चित्र काढावे. आपल्या पासबुकात जशी जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची नोंद असते, तशी या वहीत यशाइतकीच अपयशाचीही नोंद राहील. महिनाभराने वही उघडून मुलाबरोबर वाचावी. पहिल्या पुलाने चार नाणी पेलली आणि नवव्याने चाळीस, असे काही त्यात आढळले, तर मधल्या सात ओळींवर बोट ठेवून विचारावे की या प्रत्येक वेळी काय मोडले होते. त्याचे उत्तर मुलाला तोंडपाठ असेल, आणि दहावा पूल कसा असावा याची कल्पनाही त्याच्याकडे तयार असेल.